गरम इंजिन, आयडलला ऑइलचा दिवा: ग्रेड बदलूनही पुन्हा पुन्हा येणारा त्रास

तक्रार अशी. ऑइल नवीन टाकलं की गाडी महिना-दीड महिना शहाण्यासारखी वागते. मग एक दिवस जरा ताणून चालवली, सिग्नलला थांबलो, इंजिन आयडलला आलं (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) आणि ऑइलचा लाल दिवा क्षणभर लागून विझला. थोडी रेस दिली की गायब. पाय काढला की पुन्हा लुकलुक. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनाला काही म्हणजे काही नाही.

माझी गाडी दोन लिटरची, टर्बो, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारी. माझ्याकडे आली तेव्हा दुसऱ्या हाताची होती. मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० आणि खाली बारीक अक्षरात, सतत जोरात चालवणार असाल तर ५डब्ल्यू-४० चालेल, असं लिहिलेलं. पहिल्यांदा दिवा दिसला तेव्हा भेटेल त्याने एकच सांगितलं: ऑइल पातळ पडतंय, जाड टाक. टाकलं. ३० वर सहा आठवडे गेले होते, ४० वर अडीच महिने गेले आणि दिवा हजर. मग ५डब्ल्यू-५० टाकलं. दिवा नाही आला, पण थंडीतल्या सकाळी स्टार्ट केलं की दोन-तीन सेकंद टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) वाजायचे, आणि एकदा चेक इंजिनचा दिवा लागला, कोड पी००११. म्हणजे इनटेक कॅमचं (हवा आत घेणारे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं) टायमिंग सांगितल्यापेक्षा पुढे राहतंय. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

तुमचीही अशीच गत असेल, तर पुढचा डबा विकत घ्यायच्या आधी हे वाचा.

आधी खात्री करा की प्रेशर खरंच पडतंय

बहुतेक गाड्यांत तो दिवा साध्या प्रेशर स्विचवर चालतो आणि स्विच साधारण ०.३ ते ०.५ बारच्या आसपास बंद-चालू होतो. म्हणजे दिवा लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. उलट बाजूही आहे: स्विच स्वतःच बिघडला तर निरोगी इंजिनातही दिवा लागतो. म्हणून स्विच काढून त्या जागी काट्याचा मेकॅनिकल गेज लावून बघायचा. अर्ध्या तासाचं काम. हे न करता मी आधी ऑइल बदललं, याची अजून लाज वाटते.

दिवा नुसता लुकलुकत नसेल, लागून राहिला असेल, तर गाडी बाजूला घेऊन बंद करायची. घरापर्यंत पोचू, असा हिशोब करायचा नाही. क्रँकच्या बेअरिंगला ऑइलचा थर काही सेकंद मिळाला नाही तरी ते खराब व्हायला पुरेसं होतं.

गेज लावल्यावर, ५० टाकायच्या आधी, माझे आकडे आले ते असे: थंड इंजिन, आयडल, ४ बारच्या वर. इंजिन पूर्ण तापल्यावर ३००० आरपीएमला ३ बार, ठीकठाक. आयडलला ०.५. मॅन्युअल म्हणत होतं, गरम आयडलला किमान १ बार हवा. म्हणजे स्विच खोटं बोलत नव्हता.

जुने लोक एक ठोकताळा सांगतात, दर हजार आरपीएमला १० पीएसआय, म्हणजे सुमारे ०.७ बार. जुन्या इंजिनांना तो बरा आहे. नव्या बऱ्याच इंजिनांत पंपच गरजेपुरतं ऑइल ढकलणारा असतो आणि कमी आरपीएमला प्रेशर मुद्दाम कमी ठेवलेलं असतं. तिथे हा ठोकताळा लावलात तर उगाच घाबराल. आपल्या इंजिनाचा आकडा शोधा.

डब्यावरचे आकडे काय म्हणतात

विष्यंदिता हा शब्द शाळेच्या पुस्तकातून थेट स्मशानात गेला. आपण सगळे जाड आणि पातळ म्हणतो, मीही तेच म्हणणार आहे.

डब्ल्यू म्हणजे वजन नव्हे, विंटर. एसएई जे३०० नावाच्या मानकात हे सगळं ठरवलेलं आहे. डब्ल्यूच्या आधीचा आकडा फक्त कडाक्याच्या थंडीत इंजिन फिरेल का आणि पंप ऑइल ओढेल का, एवढंच सांगतो. ०डब्ल्यूची फिरवण्याची चाचणी उणे ३५ अंशांना होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला, १०डब्ल्यूची उणे २५ ला. जिथे पारा शून्याखाली जातच नाही तिथे ०डब्ल्यू की ५डब्ल्यू यावर वाद घालण्यात फारसा अर्थ नाही.

दुसरा आकडा १०० अंशांवरचा, आणि तो एक आकडा नसून पट्टा असतो. सेंटिस्टोक या जाडीच्या एककात: ३० म्हणजे ९.३ पासून १२.५ च्या आतपर्यंत, ४० म्हणजे १२.५ ते १६.३, ५० म्हणजे १६.३ ते २१.९, ६० म्हणजे २१.९ ते २६.१. आता गंमत बघा. १२.२ चं जाडसर ३० आणि १२.८ चं पातळसर ४० यांत फरक नावापुरता. पण १२.८ आणि १६ ही दोन्ही ऑइलं डब्यावर ४० च म्हणवतात. म्हणून डबा न वाचता त्या ऑइलचा डेटा शीट वाचायचा.

शीटवर आणखी एक आकडा शोधा, एचटीएचएस. १५० अंश आणि जबरदस्त घासाघीस, म्हणजे बेअरिंगमध्ये जी अवस्था असते तीत ऑइलची किती जाडी शिल्लक राहते, ते हा आकडा सांगतो. ३० ला किमान २.९ लागतो, ०डब्ल्यू-४०, ५डब्ल्यू-४० आणि १०डब्ल्यू-४० ला ३.५, आणि ५० व ६० ला ३.७. जोरात चालवायच्या गाडीसाठी मी हा आकडा आधी बघतो. काही ३० ग्रेडची ऑइलंही ३.५ च्या वर असतात, एसीईए सी३ (युरोपातल्या गाडी कंपन्यांच्या संघटनेचा दर्जा) लिहिलेली बरीचशी याच जातीची. तुमच्या गाडीला ३० च सांगितलं असेल आणि वॉरंटीची भीती असेल, तर हा मधला रस्ता आहे.

एक गैरसमज जाता जाता: ५डब्ल्यू-४० थंडीत पाचसारखं पातळ आणि तापल्यावर चाळीससारखं जाड होतं, असं पुष्कळ जण समजतात. कुठलंही ऑइल तापलं की पातळच होतं. एक साधारण ५डब्ल्यू-३० बघा: २० अंशांना दीडशेच्या वर सेंटिस्टोक, १०० ला अकरा-साडेअकरा. सकाळी स्टार्ट करताना सगळीच ऑइलं गरजेपेक्षा कितीतरी जाड असतात. १०डब्ल्यू-६० तर त्याच २० अंशांना चारशेच्या पुढे.

खरा प्रश्न: तुमचं ऑइल तापतं किती?

इथे सगळी गोम आहे. डब्यावरचा आकडा १०० अंशांचा. तुमचं ऑइल १०० ला असतं का?

डॅशबोर्डवरचा टेंपरेचरचा काटा पाण्याचा असतो आणि तो मध्यावर जाऊन बसला की हलत नाही. गाडी बनवणाऱ्याने तो तसाच बसेल अशी सोय केलेली असते. ऑइल पाण्यापेक्षा बरंच सावकाश तापतं आणि एकदा तापायला लागलं की पाण्याला मागे टाकून पुढे जातं. काही गाड्यांत ओबीडी रीडरवर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर) ऑइलचं तापमान दिसतं. माझ्या गाडीत दिसत नव्हतं, म्हणून फिल्टरखाली सँडविच प्लेट बसवून सेन्सर लावला.

मग कळलं. रोजच्या रस्त्यावर ९० ते १००. हायवेवर १०५. ट्रॅकवर वीस मिनिटं, १३२.

आता एक नमुन्याचं ५डब्ल्यू-४० घ्या, १०० अंशांना १४ सेंटिस्टोक. हेच ऑइल १२० ला साडेनऊच्या आसपास येतं आणि १३० ला आठच्या. म्हणजे ट्रॅकवर ते ४० राहतच नाही, ३० च्या पट्ट्याच्याही खाली जातं. उलट ५डब्ल्यू-३० जर ९० अंशांवरच चालत असेल, तर तिथे त्याची जाडी चौदाच्या घरात, म्हणजे १०० अंशांवरच्या ४० इतकी. इंजिनाला डब्यावरचा आकडा वाचता येत नाही. त्याला त्या क्षणी बेअरिंगमध्ये जे आहे तेच कळतं.

स्पोर्ट्स कारला अमुक ग्रेड, असं सरसकट उत्तर नाही ते यामुळेच. २०११ नंतरच्या मस्टँग जीटीच्या पाच लिटर इंजिनाला अमेरिकेत ५डब्ल्यू-२० सांगितलं होतं. त्याच घराण्यातल्या, ट्रॅकसाठी बनवलेल्या बॉस ३०२ ला ५डब्ल्यू-५०. निसान जीटी-आरला ०डब्ल्यू-४०. टोयोटा जीटी८६ ला ०डब्ल्यू-२०. ई४६ एम३ च्या एस५४ इंजिनाला बीएमडब्ल्यूने १०डब्ल्यू-६० ठरवलं. कॉर्व्हेटला वर्षानुवर्षं ५डब्ल्यू-३०, पण ट्रॅकवर नेणार असाल तर १५डब्ल्यू-५० घाला आणि नंतर परत मूळ ऑइल घाला, असं तिच्या सी७ पिढीचं मॅन्युअलच सांगायचं. २०१९ पासून ०डब्ल्यू-४० आलं आणि ही अदलाबदल संपली. बेअरिंगमधली फट, पंपाची ताकद, कुलर आहे की नाही, कॅमची यंत्रणा कशी आहे, हे सगळं प्रत्येक इंजिनाचं वेगळं. एम३ वाल्याचं ऐकून आपल्या गाडीत ६० ओतणारे मी पाहिलेत. तसं करू नका.

जाड टाकून काय बिघडतं

बाग शिंपताना नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाण्याचा जोर वाढतो, बादली मात्र उशिरा भरते. प्रेशर गेजचंही तसंच. जाड ऑइलने काटा वर जातो, कारण ऑइलला वाट काढायला त्रास होतोय. थंड इंजिनात तर पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि पंपाने उचललेलं बरंचसं ऑइल वर न जाता तिथूनच माघारी फिरतं. गेज छान दिसतो, वरचे कॅम वाट बघत बसतात.

माझा पी००११ यातूनच आला. कॅम पुढेमागे फिरवणारी यंत्रणा ऑइलच्याच जोरावर चालते, बारीक सोलेनॉइडमधून. कमी जाडीच्या हिशोबाने बनवलेल्या त्या वाटांतून थंडीतलं ५० वेळेवर बाहेर पडेना. ५० काढल्यावर तो कोड पुन्हा आला नाही. टॅपेटचा आवाजही गेला.

मग दिवा परत का येत होता?

आता मुद्द्यावर येतो. ५० असताना दिवा आला नव्हता, पण मी दर रविवारी गरम आयडलचं प्रेशर वहीत लिहीत होतो. पहिल्या रविवारी १.५. मग १.४, १.३, तिसरा महिना संपताना १.०. ३० असो, ४० असो की ५०, वाट तीच, फक्त सुरुवात जरा वरून. ऑइल चुकीचं असतं तर पहिल्या दिवसापासून चुकीचं असतं. हे तर टाकल्यावर हळूहळू पातळ होत होतं.

आणि डिपस्टिक? मी खूश होतो की गाडी थेंबभर ऑइल खात नाही. टाकताना लेव्हल खुणेच्या जरा खाली ठेवली होती, तीन महिन्यांनी ती खुणेच्या वर. ऑइल वाढत नसतं हो. डिपस्टिक नाकाशी नेली, पेट्रोलचा वास. कागदी फिल्टरवर एक थेंब टाकून रात्रभर ठेवला, तर काळ्या डागाभोवती फिकट, तेलकट कडं लांबवर पसरलेलं.

परत ४० टाकलं, चार हजार किलोमीटरनंतर नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवला. नवीन असताना १०० अंशांना १४.१. आलं १०.४. पेट्रोल साधारण ५ टक्के. डब्यातलं ४० संपमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) ३० होऊन बसलं होतं, आणि तेच १२० ला तापलं की सातच्या आसपास. दिवा लागेल नाही तर काय.

कारणं दोन निघाली. एक मीच. रोजचा प्रवास सहा किलोमीटर, इंजिन तापायच्या आत बंद. थेट फवारणीच्या इंजिनात थंड असताना जास्त पेट्रोल फवारलं जातं, त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवर चिकटतं आणि रिंगांच्या बाजूने खाली उतरतं. ऑइल बराच वेळ ९० च्या वर राहिलं तर त्यातलं बरंचसं उडून जातं; सहा किलोमीटरमध्ये ते तिथवर पोचतच नाही. दुसरं कारण, एक इंजेक्टर बंद असतानाही ठिबकत होता. चौघांची चाचणी केल्यावर तो सापडला, बदलला.

ऑइल पातळ होण्याचं आणखी एक कारण असतं, ते पेट्रोलशी गल्लत करू नका. ५डब्ल्यू-५० किंवा १०डब्ल्यू-६० सारख्या लांब पल्ल्याच्या ग्रेडमध्ये जाडी टिकवायला लांबलचक पॉलिमर घालतात. चेन आणि पंपाच्या दात्यांमध्ये सापडून ते हळूहळू तुटतात आणि ऑइल आपल्या पट्ट्यातून खाली घसरतं. फरक कसा ओळखायचा? रिपोर्टमधला फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला ऑइलची वाफ पेट घेते ते) बघा. पेट्रोल मिसळलं असेल तर तो झपकन खाली येतो. पॉलिमर तुटले असतील तर फारसा हलत नाही. डिपस्टिकवरची लेव्हलही वाढत नाही.

तुमची लक्षणं वेगळी असतील तर

दिवा फक्त लांब वळणावर, जोरात असताना लागतो? तो ग्रेडचा प्रश्नच नव्हे. ऑइल संपच्या एका बाजूला सरकतं आणि पिकअपच्या (ऑइल ओढणाऱ्या नळीच्या) तोंडाशी हवा येते. लेव्हल वरच्या खुणेला ठेवा, संपमध्ये बॅफल (ऑइल सरकू न देणारा पत्रा) बसवता येतो का बघा. जाड ऑइल इथे उलट घात करतं, कारण हेडवरून खाली परतायला ते जास्त वेळ घेतं.

थंडही आणि गरमही, प्रेशर कायम कमी? पिकअपची जाळी चोंदली असेल, रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल, पंप झिजला असेल. नमुन्यात तांबं आणि शिसं चढलेलं दिसलं तर बेअरिंगकडे बघा, आणि तोवर गाडी जोरात चालवू नका. इथे जाड ऑइल म्हणजे दुखण्यावर पांघरूण.

सकाळी एक-दोन सेकंद खडखड, मग शांत, आणि ग्रेड मॅन्युअलप्रमाणेच? ऑइल फिल्टर बदलून बघा. आतला ऑइल माघारी जाऊ न देणारा रबरी व्हॉल्व्ह कडक झाला की रात्रीतून फिल्टर रिकामा होतो.

गाडी ऑइल खाते म्हणून जाड टाकायचा विचार असेल, तर आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातली वाफ बाहेर काढणारा) तपासा. मग व्हॉल्व्ह सील, टर्बो. डेटा शीटवर नोआक हा आकडाही असतो, २५० अंशांना तासाभरात किती टक्के ऑइल उडतं तो. एकाच ग्रेडच्या दोन ऑइलांत यात चांगलाच फरक सापडतो, कधी कधी तेवढ्यानेच भागतं.

निवडायचं कसं

मॅन्युअलमधली ग्रेड आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे गाडी कंपनीच्या मंजुरीचा कोड, पोर्शेचा ए४० असतो तसा. तो डब्यावर स्पष्ट लिहिलेला हवा. "साठी योग्य" एवढ्यावर विश्वास ठेवू नका. एक्झॉस्टमध्ये पार्टिक्युलेट फिल्टर असेल तर एसीईए ए३/बी४ ची जास्त राखेची ऑइलं टाळा, सी गटातलं घ्या. छोटं टर्बो इंजिन असेल तर एपीआय एसपी बघा. २०२० सालच्या या दर्जात कमी आरपीएमला पेट्रोल अवेळी पेट घेऊ नये याची चाचणी आहे, तसं पेटलं तर एका झटक्यात पिस्टन फुटू शकतो.

मग तापमान मोजा. ११० च्या आत राहत असेल तर मॅन्युअलची ग्रेड सोडायचं काही कारण मला दिसत नाही, गाडी कितीही स्पोर्ट्स असो. वारंवार १२० च्या वर जात असेल आणि मॅन्युअल परवानगी देत असेल तर दुसरा आकडा एक पायरी वर, पहिला आहे तोच. १३० ओलांडत असेल तर जाड ऑइलवर खर्च करण्यापेक्षा ऑइल कुलर बसवा. पायऱ्या चढत राहिलात तर सकाळच्या थंड स्टार्टला त्याची किंमत मोजाल.

माझ्याकडे सध्या ५डब्ल्यू-४० आहे. इंजेक्टर बदलला, ऑइल पाच हजार किलोमीटरला किंवा सहा महिन्यांनी काढतो, आणि आठवड्यातून एकदा गाडी तासभर मोकळ्या रस्त्यावर नेतो. शेवटच्या नमुन्यात १३.३ आलं, पेट्रोल १ टक्क्याच्या आत. गरम आयडलला १०४ अंशांवर १.३ बार, तीन महिने जागचं हललं नाही. ट्रॅकवरून आल्यावर १३० अंशांना मात्र अजून ०.९ दिसतो, मॅन्युअलच्या रेषेच्या किंचित खाली. कुलर आणून ठेवलाय, पाइपांची जुळणी व्हायची आहे. बसला की याच वहीत पुढचे आकडे.